आरशाचा कॅमेरा आणि बिनआरशाचा कॅमेरा

आमच्या मातोश्रींचे सहस्रचंद्रदर्शन कोजागरीच्या सुमारास करावयाचे असे घरात ठरले, तेव्हा आचारी कोण, गुरुजी कोण, पाहुण्यांची उतरण्याची सोय कोठे, हे सारे प्रश्न एका संध्याकाळी सुटले. अडून बसला तो एकच. छायाचित्रे काढावयाची कशाने?

आमच्यापाशी कॅननचा ७००डी हा कॅमेरा आहे. तो २०१३ साली बाजारात आला आणि पुढील वर्षी आमच्या घरात आला. त्याने दोन लग्ने, तीन बारशी आणि एक मुंज टिपली आहे. परंतु आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्या कॅमेऱ्याने पुष्कळ सेवा केली. आता त्याला निवृत्त करा. आजीचा सोहळा काही पुन्हा व्हायचा नाही."

शेवटचे वाक्य आमच्या मनाला लागले. चुकलेली पुरणपोळी पुन्हा लाटता येते. ऐंशी वर्षे ओलांडलेल्या आईच्या औक्षणाचे चुकलेले छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. पण ऐन सोहळ्याच्या खर्चात नवा कॅमेरा घ्यावयाचा, तर तो खरोखरच अधिक काय देतो हे पाहिल्यावाचून घेणे आमच्या स्वभावात नाही. सुदैवाने पुतण्याच्या एका मित्राने कॅननचाच आर ५० हा बिनआरशाचा कॅमेरा घेतला होता. हा २०२३ सालचा, नवशिक्यांसाठी काढलेला. त्याने तो मोकळ्या मनाने आमच्या हवाली केला आणि आमची परीक्षा सुरू झाली.

प्रथम हा आरसा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. जुन्या घडणीच्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे पंचेचाळीस अंशांत कललेला एक आरसा असतो. भिंगातून आलेला प्रकाश तो वर फेकतो आणि तेथून तो आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे आपण पाहतो ते प्रत्यक्ष दृश्यच. कळ दाबली की आरसा 'खट्ट' करून वर उचलला जातो आणि प्रकाश मागच्या सेन्सरवर पडतो. पूर्वी या जागी फिल्म असे. नव्या घडणीत आरसाच काढून टाकला आहे. प्रकाश सदैव सेन्सरवर पडत राहतो आणि डोळ्याला लावावयाच्या खिडकीत एक इवलासा पडदा असतो. त्यावर सेन्सरला दिसणारे चित्र आपण पाहतो. भिंगे बदलता येणाऱ्या अशा कॅमेऱ्यांची आजची परंपरा २००८ सालच्या पॅनासॉनिक जी १ पासून धरली जाते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही मातब्बरांनी २०१८ साली मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे आणले, आणि २०२० साली विक्रीस बाहेर पडलेल्या कॅमेऱ्यांत बिनआरशाच्यांची संख्या आरशाच्यांहून अधिक झाली.

आरसा गेल्याने पहिला लाभ होतो तो वजनाचा. बॅटरी आणि कार्डासह आमचा जुना कॅमेरा ५८० ग्रॅमचा, नवा ३७५ ग्रॅमचा. बरोबर मिळणारी भिंगे चढविली तर जुना ७८५ आणि नवा ५०५ ग्रॅम भरतो. हा पाव किलोहून अधिक फरक कागदावर क्षुल्लक वाटतो; पण दिवसभर गळ्यात वागविणाऱ्याच्या मानेला विचारा.

पहिल्या परीक्षेसाठी आम्ही अनंत चतुर्दशीची रात्र निवडली. इंदूरच्या गिरण्यांची धुराडी केव्हाच थंडावली. हुकुमचंद मिल १९९१ सालीच बंद पडली. पण त्या गिरण्यांच्या नावाच्या झांक्या या रात्री आजही रस्त्यावर येतात आणि पहाटेपर्यंत चालतात. पुढे आखाडे असतात. पहिलवान लाठ्या फिरवीत जातात. दिव्यांचा लखलखाट, मध्येच काळोख, आणि एक क्षणही स्थिर न राहणारी माणसे. कॅमेऱ्याची याहून कडक परीक्षा कोणती असणार?

दोन्ही कॅमेऱ्यांना त्यांच्यासमवेत मिळणारी भिंगे लावून आम्ही सुरुवात केली आणि दोघांनीही आमची निराशा केली. नवा कॅमेरा पहिलवानाचा चेहरा क्षणार्धात पकडी खरा, पण चित्रात त्याचे हात धुक्यासारखे पुसट येत. कारण उघड होते. या भिंगाचे छिद्र लांबच्या टोकाला एफ ६.३ पेक्षा मोठे उघडत नाही. जुन्या भिंगाचे त्याच टोकाला एफ ५.६ पर्यंत उघडते. म्हणजे नव्याचे भिंग जुन्याहूनही थोडा कमीच प्रकाश आत घेते. प्रकाश कमी, म्हणून कळ अधिक काळ उघडी, म्हणून हलणारे हात पुसट.

मग आमच्या पिशवीतून आम्ही ५० मिलिमीटरचे साधे भिंग काढले. त्याचे छिद्र एफ १.८ पर्यंत उघडते. एफ ६.३ च्या मानाने हे भिंग सुमारे बारापट प्रकाश आत घेते. जे चित्र एका सेकंदाच्या दहाव्या भागात कसेबसे निघत होते, ते आता सव्वाशेव्या भागात निघू लागले. आमच्या दहा वर्षांच्या म्हाताऱ्या कॅमेऱ्याने लाठी हवेत गोठविली! पुतण्याचा चेहरा उतरला. आम्ही मिशीत हसलो.

परंतु घरी येऊन ती चित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा आमचे हसू मावळले. लाठी गोठली होती खरी, पण फोकस पुष्कळदा पहिलवानाच्या चेहऱ्यावर नव्हता. तो मागच्या माणसाच्या फेट्यावर जाऊन बसला होता. मोठ्या छिद्राचे हेच दुखणे असते. फोकस ज्या अंतरावर बसेल तेवढेच लख्ख आणि पुढचेमागचे सारे विरघळलेले. जुन्या कॅमेऱ्यात डोळा खिडकीला लावून चित्र घेताना फोकसचे अवघे नऊ बिंदू मिळतात आणि तेही चित्राच्या मध्यभागी गोळा झालेले. माणूस त्यांच्या बाहेर सरकला की सारा भार आमच्या हातावर आणि नशिबावर.

नव्याची करामत येथे आहे. त्याच्या सेन्सरवरील प्रत्येक बिंदू दोन भागांत विभागलेला असतो. दोन्ही अर्ध्यांना दिसणाऱ्या चित्रांतील अंतर मोजून तो फोकस ठरवितो. कॅननने ही युक्ती २०१३ साली ७०डी या कॅमेऱ्यात प्रथम आणली. आता तिला माणूस ओळखण्याची जोड मिळाली आहे. यंत्र चित्रात चेहरा शोधते, चेहऱ्यात डोळा शोधते आणि माणूस चौकटीत कोठेही गेला तरी त्या डोळ्याला सोडीत नाही.

इंदूरच्या माणसाला येथे लाला दीनदयाळांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार म्हणून कीर्ती पावलेल्या या गृहस्थांनी १८७० नंतरच्या दशकात छायाचित्रणास आरंभ केला तो इंदुरात बांधकाम खात्यात नोकरी करीत असताना. त्या काळी काचेच्या तावदानावर चित्र उमटे आणि राजा असो की रंक, समोरच्याला श्वास रोखून बसावे लागे. माणसाने यंत्राची मर्जी राखावयाची असा तो व्यवहार होता. दीडशे वर्षे हे उलटत आले आहे. जुना कॅमेरा म्हणतो, 'मी सांगतो तेथे थांबा.' नवा म्हणतो, 'तुम्ही फिरा, मी येतो.' आमच्या मते दोहोंतला खरा भेद हाच होय. बाकी सारा तपशील.

मित्राने जोडकडेही दिले होते. जुन्या कॅमेऱ्यात भिंगाच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर असते; आरसा गेल्याने नव्यात ते २० वर आले. मधली २४ मिलिमीटरची पोकळी भरून काढणारे हे कडे. त्यात काच नाही, म्हणून चित्राचा दर्जा घटत नाही. आमचे जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चढविताच त्याला जणू नवे डोळे फुटले. भिंग जुने, नजर नवी. घरच्या दिवाणखान्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. तेथे आईला झोपाळ्यावर बसवून आम्ही जोडीने वीस चित्रे काढली. जुन्यात आईचा कान स्पष्ट आणि डोळा अंधुक असे सहा वेळा झाले. नव्यात एकदाच. वजनाचा लाभ मात्र कडे चढविताच बराच आटला.

नव्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे. डोळ्यासमोरचा तो पडदा सतत जळत असतो, म्हणून बॅटरी लवकर संपते. खिडकीतून पाहून चित्रे घेतली तर जुना एका भरणीत सुमारे ४४० चित्रे देतो. नवा तीनशेच्या आसपासच थकतो. कार्याच्या दिवशी दुसरी बॅटरी खिशात हवीच. भिंग बदलताना सेन्सर उघडा पडतो, तेव्हा धुळीच्या रस्त्यावर ते काम करू नये. आवाज न करता चित्र घेण्याची सोय गाण्याच्या बैठकीत फार उपकारक. पण एलईडी दिव्यांखाली तीच सोय वापरली तर चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. झांकीच्या रात्री पुतण्याची काही चित्रे अशीच वाया गेली. चूक यंत्राची नव्हे, आमच्या अज्ञानाची.

उलट, चाळिशी लागलेल्यांना त्या पडद्याचे एक सुख आहे. उजेड कमी-अधिक केला तर चित्र कसे येणार ते कळ दाबण्यापूर्वीच दिसते, आणि काढलेले चित्र चष्मा शोधल्यावाचून त्याच खिडकीत पाहता येते.

बिंदूंच्या संख्येने मात्र कोणी भुलू नये. जुना १८ दशलक्ष बिंदूंचा, नवा २४ चा. आठ बाय बारा इंचांचे उत्तम चित्र छापावयास नऊ दशलक्षांहूनही कमी बिंदू पुरतात. भिंतीवर टांगावयाच्या चित्रासाठी जुन्याची निम्मी शक्तीही खर्ची पडत नाही.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही कामाची वाटणी केली. पुतण्याच्या हाती नवा कॅमेरा आणि आमचे जुने भिंग. आमच्या हाती जुना कॅमेरा आणि त्याच्याबरोबर आलेले भिंग. सुवासिनी औक्षण करीत असता पणती रांगत रांगत पाटापाशी आली आणि तिने ताम्हनातल्या सुपारीला हात घातला. आई तोंडावर पदर धरून हसली. हा सारा प्रकार दोन-तीन सेकंदांचा. आमचा कॅमेरा ताम्हनाकडे रोखलेला होता आणि तसाच राहिला. पुतण्याला ते हसू मिळाले. निरांजनाचा उजेड डोळ्यांत, आणि डोळे लख्ख. आम्ही त्याच क्षणी मनातल्या मनात हार कबूल केली.

पाहुणे पांगल्यावर सारी चित्रे आईला दाखविली. ते हसरे चित्र तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "छान आहे रे. पण यात मी एकटीच दिसते. मागे सुना उभ्या होत्या, त्या कोठे गेल्या?" सुना मोठ्या छिद्राने विरघळविल्या होत्या! मग तिने बोट ठेवले ते आमच्या जुन्या कॅमेऱ्याने दुपारी अंगणात काढलेल्या चित्रावर. छिद्र लहान ठेवून काढलेले, सत्तावीस माणसांचे, सर्वांचे चेहरे स्वच्छ. "हे लावा भिंतीवर," ती म्हणाली.

तेव्हा आमच्या वाचकांना आम्ही एवढेच सांगू. जुना कॅमेरा चालत असेल आणि माणसे, देवळे, निसर्ग उजेडात टिपावयाचा असेल, तर तो बदलण्याचे कारण नाही. घरात अंधार असेल, तर आधी मोठ्या छिद्राचे भिंग घ्यावे. कॅमेऱ्याहून ते स्वस्त पडते आणि पुढे नव्या कॅमेऱ्यालाही बहुधा उपयोगी येते. मात्र जोडकड्यावर आपले भिंग फोकस साधते ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. निकॉनच्या काही जुन्या भिंगांचा फोकस अशा कड्यावर हातानेच फिरवावा लागतो. घरात धावणारी मुले असतील, किंवा हात कापू लागले असतील, तर बिनआरशाचा कॅमेरा जरूर घ्यावा. पण त्याच्या बरोबरच्या भिंगाकडून रात्रीच्या चमत्काराची अपेक्षा करू नये. गोवा-बेळगावकडील वाचकांनी भिंगे पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावीत. भिंगावर चढणारी बुरशी नव्याजुन्याचा भेद करीत नाही.

दिवाळीत पुतण्याने स्वतःच्या बचतीतून तसाच कॅमेरा घेतला. आमचे ५० मिलिमीटरचे भिंग आम्ही त्याला देऊन टाकले. आरशाचा कॅमेरा आमच्यापाशीच राहिला आहे. अंगणातले चित्र दिवाणखान्यात लागले. ते हसरे चित्रही आम्ही छापून आणले आहे. ते आईच्या नकळत आमच्या मेजाच्या खणात आहे.