पायाखालचा हिवाळा

सायबेरियातील याकुत्स्क शहरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मात्र तेथील हिवाळ्याचा खरा जाच हवेइतकाच पायाखालच्या जमिनीचाही आहे. पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली राहणारी ही जमीन घराच्या उबेने वितळून खचते, म्हणून इमारती खोल रोवलेल्या खांबांवर उचलून बांधाव्या लागतात, आणि पाण्याचे नळही जाड आवरणात गुंडाळून जमिनीवरून न्यावे लागतात. त्याहून दुःसह आहे ती कोंडी: लेना नदीवर शहराजवळ पूल नसल्याने हिवाळ्यात वाहने गोठलेल्या पात्रावरून जातात, उन्हाळ्यात फेरीबोट चालते, परंतु बर्फ धरताना आणि फुटताना, नेमक्या अडचणीच्या काळात, हे दोन्ही मार्ग काही आठवडे बंद पडतात.