काळ्या पडद्यावरची वेलांटी

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर सिलतऱ्याची औद्योगिक वसाहत येते. स्पंज आयर्न, पोलाद आणि वीजनिर्मितीचे कारखाने इथे दाटीने उभे आहेत. लोहखनिज आणि कोळसा आणणारे ट्रक अशा कारखान्यांत शिरताना आधी वजनकाट्यावर चढतात. काट्याचा इलेक्ट्रॉनिक इंडिकेटर वजनाचा आकडा बहुधा एका सिरियल केबलमधून संगणकाकडे पाठवतो. हा आकडा म्हणजे साधा मजकूर असतो, एकामागून एक येणारी अक्षरं. पडद्यावर वजन उमटेनासं झालं की दोष केबलमध्ये आहे, पोर्टच्या वेगात आहे की पावती छापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हे शोधावं लागतं. त्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत तो सिरियल पोर्ट उघडायचा आणि येणारी अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. नेटवर्क स्विच पहिल्यांदा सुरू करताना किंवा दूरच्या सर्व्हरवर काम करतानाही हीच काळी खिडकी उपयोगी पडते.

या खिडकीला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात. ती जुन्या संगणकावरही झटकन उघडते आणि तिचं वागणं चार ओळींच्या फाइलने बदलता येतं. ही विद्या कारखान्यात काम करणाऱ्या आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या प्रत्येकाला यायला हवी. मात्र या खिडकीत देवनागरी लिहायला घेतली की एक जुना, न सुटलेला प्रश्न समोर येतो.

यंत्र गेलं, नक्कल राहिली

एम्युलेटर म्हणजे हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. इथे नक्कल होते ती एका जुन्या यंत्राची. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० नावाचं टर्मिनल बाजारात आणलं. कीबोर्ड आणि पडदा असलेलं हे यंत्र केबलने मोठ्या संगणकाला जोडलेलं असे. त्याच्या पडद्यावर २४ ओळी मावत आणि एका ओळीत ८० अक्षरं. ठळकपणा, कर्सरची जागा यांसारख्या गोष्टी मजकुरातच पेरलेल्या खास संकेतांनी ठरत. आजही लिनक्सवर खिडकी उघडली की ती बहुतेकदा ८० बाय २४ अशीच उघडते आणि तेच संकेत समजून घेते.

एक्स विंडो ही चित्रमय खिडक्यांची प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत जन्मली. त्याच वर्षी मार्क वँडेव्हूर्ड यांनी एक्सटर्म लिहिला. तो पुढे वाढत गेला. टेक्ट्रॉनिक्स ४०१४ या आलेख काढणाऱ्या यंत्राची नक्कलही त्यात आली. पण मेमरी महाग असलेल्या काळात प्रत्येकाला ते ओझं परवडणारं नव्हतं. जॉन बोव्ही यांच्या एक्सव्हीटीवरून रॉब नेशन यांनी आरएक्सव्हीटी घडवला. ज्यांना आलेखाची नक्कल नको आणि कमी मेमरीत काम भागवायचं आहे त्यांच्यासाठी तो होता. पुढे मार्क लेहमन यांनी त्याला युनिकोडची जोड दिली आणि आरएक्सव्हीटी-युनिकोड तयार झाला. लिनक्सवाले त्याला ‘यूआरएक्सव्हीटी’ म्हणतात.

हलकेपणा मोजता येतो

टर्मिनल हलकं आहे म्हणजे काय, हे एका हिशेबातून कळतं. वर सरकून गेलेल्या ओळी किती जपायच्या हे ‘सेव्हलाइन्स’ या सेटिंगने ठरतं. प्रत्येक चौकटीसाठी अक्षर आणि त्याचा रंग मिळून समजा ८ बाइट लागतात. ८० चौकटींच्या १० हजार ओळी जपल्या तर ६४ लाख बाइट, म्हणजे ६.४ मेगाबाइट झाले. अशा दहा खिडक्या भरल्या तर ६४ मेगाबाइट. नव्या संगणकाला हे जाणवणारही नाही. पण वजनकाट्याच्या केबिनमधल्या एक जीबी मेमरीच्या जुन्या संगणकाला जाणवेल. तिथे हजार ओळी पुष्कळ झाल्या.

यूआरएक्सव्हीटीत आणखी एक सोय आहे. पडद्यामागे एकच प्रोग्राम चालू ठेवायचा आणि सगळ्या खिडक्या त्याच्याकडून उघडून घ्यायच्या. मग फॉन्ट आणि इतर सामग्री मेमरीत पुन्हा पुन्हा भरावी लागत नाही. याची किंमतही लक्षात ठेवावी. तो एक प्रोग्राम बंद पडला तर सगळ्या खिडक्या एकदम जातात.

सेटिंग करण्याच्या दोन जागा

पहिली जागा म्हणजे आज्ञेची ओळ. टर्मिनल सुरू करतानाच पर्याय द्यायचे: पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा रंग, फॉन्ट, खिडकीचा आकार. चालू-बंद करता येणाऱ्या सोयीच्या नावाआधी उणे चिन्ह लावलं तर ती चालू होते आणि अधिक चिन्ह लावलं तर बंद. स्क्रोलबार नको असेल तर त्याच्या पर्यायाआधी अधिक चिन्ह द्यायचं. नवख्याला हे उलटं वाटतं, पण एक्स प्रणालीत ही पद्धत जुनीच आहे.

दुसरी जागा म्हणजे रिसोर्स. घरच्या डिरेक्टरीत ‘एक्सरिसोर्सेस’ नावाची साधी मजकूर फाइल ठेवायची. प्रत्येक ओळीत प्रोग्रामचं नाव, मग सेटिंगचं नाव, अपूर्णविराम (कोलन) आणि शेवटी किंमत. प्रोग्राम आणि सेटिंग यांच्यामध्ये टिंब दिलं तर नेमका तोच मार्ग धरला जातो. तारांकन दिलं तर मधल्या कितीही पायऱ्या ओलांडून ते सेटिंग लागू होतं. दोन ओळींचं म्हणणं जुळत नसेल तर जास्त नेमकी ओळ जिंकते. आज्ञेच्या ओळीवर दिलेला पर्याय रिसोर्सच्या वरचढ ठरतो. म्हणून रोजच्या सवयी फाइलीत लिहाव्यात आणि आजच्यापुरता बदल आज्ञेत द्यावा.

इथे नवशिके तीन ठिकाणी अडतात. फाइल बदलली तरी परिणाम दिसत नाही, कारण ती ‘एक्सआरडीबी’ या आज्ञेने एक्स सर्व्हरमध्ये, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, भरावी लागते आणि बदल त्यानंतर उघडलेल्या खिडक्यांतच दिसतो. टीप लिहायची तर ओळीच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह हवं. हॅशचं चिन्ह दिलं तर ती ओळ वेगळीच आज्ञा समजली जाते. तिसरी अडचण तर डोळ्यांना दिसतच नाही. किमतीनंतर ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किमतीचाच भाग धरली जाते आणि बरोबर लिहिलेलं सेटिंग चालत नाही.

या पद्धतीतली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे खिडकीला नाव देता येतं. सुरू करताना ‘नेम’ हा पर्याय देऊन एका खिडकीला ‘काटा’ आणि दुसरीला ‘सर्व्हर’ म्हणायचं, अर्थात ही नावं रोमन अक्षरांत. मग फाइलीत त्या नावांखाली वेगवेगळे रंग लिहायचे. चालू सर्व्हरची पार्श्वभूमी गडद लाल आणि सरावाच्या यंत्राची काळी ठेवली, तर रात्रपाळीत पेंगुळलेल्या माणसाचा हातही लाल खिडकीत आज्ञा देताना क्षणभर थांबेल. कारखान्यात धोक्याचे पाइप वेगळ्या रंगाने रंगवतात, त्यामागचं शहाणपण इथे दोन ओळींत मिळतं.

दूरच्या सर्व्हरवर गेल्यावर बॅकस्पेस विचित्र वागू लागला, पडदा पुसला जाईना, तर ‘टर्मनेम’ तपासावं. आपलं टर्मिनल स्वतःची ओळख ज्या नावाने देतं ते नाव त्या सर्व्हरच्या ‘टर्मइन्फो’ या माहितीकोशात नसतं. तिथे ती नोंद बसवावी, किंवा त्या सर्व्हरला ओळखीचं असलेलं नाव सांगावं.

‘सिलतरा’ लिहून पाहा

आता याच खिडकीत ‘सिलतरा’ लिहून पाहू. बऱ्याच हलक्या टर्मिनलांत ते ‘सलितरा’ असं दिसतं. ‘भिलाई’ आणि ‘बिलासपूर’ यांचीही हीच गत होते.

कारण टर्मिनलच्या मूळ रचनेत आहे. त्याचा पडदा गणिताच्या वहीसारखा चौकटींचा आहे. कोणतं चिन्ह किती चौकटी घेतं हे एका तक्त्यावरून ठरतं. लॅटिन लिपीत एक अक्षर एक चौकट, हिशेब संपला. देवनागरीत तसं नाही. युनिकोडमध्ये ‘सि’ साठवताना आधी ‘स’ येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी, कारण उच्चाराचा क्रम तोच आहे. दाखवताना मात्र वेलांटी ‘स’च्या डावीकडे यायला हवी. साधं टर्मिनल चिन्हं आली त्या क्रमाने चौकटींत बसवतं. वेलांटीला स्वतंत्र चौकट मिळते, ती ‘स’ आणि ‘ल’ यांच्या मध्ये पडते आणि वाचणाऱ्याला ‘लि’ची वाटते.

युनिकोडने उकार आणि मात्रा यांना जागा न घेणारी चिन्हं मानलं आहे. काना आणि वेलांट्या जागा घेणाऱ्या गटात आहेत. त्यामुळे प्रचलित तक्त्यांत ‘कु’ एका चौकटीचा होतो आणि ‘का’ दोन चौकटींचा. जोडाक्षरांत तर अडचण वाढते. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. आकार जुळवणारी यंत्रणा नसेल तर तिथे पाय मोडलेला ‘क्’ आणि शेजारी ‘ष’ असे सुटे तुकडे दिसतात.

फॉन्ट बदलला की अक्षरं सुबक होतात. ‘लेटरस्पेस’ने त्यांच्यातली दरी कमी करता येते. पण वेलांटी जागची हलत नाही, कारण ती हलवणारं कोणतंही रिसोर्स यूआरएक्सव्हीटीत नाही. सेटिंगची हद्द इथे संपते आणि प्रोग्रामच्या रचनेचा प्रश्न सुरू होतो.

पुण्याने दाखवलेली वाट

हा प्रश्न भारतात फार पूर्वी ओळखला गेला होता. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम आयआयटी कानपूरमध्ये झालं. त्यात मोहन तांबे यांचा मोठा वाटा होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे तंत्रज्ञान ‘जिस्ट’ या नावाने तिथे वाढलं. जिस्ट कार्ड बसवलं की साध्या पीसीवर डॉसमध्ये देवनागरी उमटे. अनेक जण एकाच संगणकावर काम करत अशा यंत्रणांसाठी जिस्ट टर्मिनलही होतं.

त्यामागचं सूत्र आजही तितकंच खरं आहे. साठवण उच्चाराच्या क्रमाने करायची आणि पडद्यावरचा आकार वेगळ्या नियमांनी जुळवायचा. हेच सूत्र इस्की या भारतीय मानकात आलं. ते १९९१ मध्ये भारतीय मानक १३१९४ म्हणून प्रसिद्ध झालं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. म्हणजे चौकटींच्या पडद्यावर देवनागरी नीट दाखवता येते हे आपल्याकडे तीन दशकांपूर्वी सिद्ध झालं होतं. कमी पडलं ते त्यापुढचं काम. जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त टर्मिनलांमध्ये ते ज्ञान पुरेसं पोचलं नाही.

आता चित्र बदलतं आहे. केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं कॉन्सोल हे टर्मिनल देवनागरीचे आकार जुळवतं, पण ते तितकं हलकं नाही. एमएलटर्म हे अनेक लिप्यांसाठीच बनवलेलं टर्मिनल आहे. वेलँड या नव्या प्रणालीवर चालणारं ‘फूट’ हलकं आहे आणि तरीही हार्फबझ या लायब्ररीच्या मदतीने अक्षरगटाचे, म्हणजे मिळून एक अक्षर होणाऱ्या चिन्हांचे, आकार जुळवतं. अक्षरगटाची रुंदी कशी मोजायची याचं स्वतंत्र सेटिंगही त्यात आहे. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ ने देवनागरीतलं ‘क्ष’सारखं जोडाक्षर एकच अक्षरगट मानण्याचा नियम आणला. त्याच वर्षी टर्मिनलमध्ये गुंतागुंतीच्या लिप्या कशा हाताळाव्यात याबद्दलचा प्रस्ताव युनिकोड संघटनेपुढे आला. मात्र टर्मिनलने ‘सि’ला दोन चौकटी दिल्या आणि त्यात चालणाऱ्या संपादकाने एकच धरली, तर कर्सर भलतीकडे जातो. रुंदी मोजण्याचा नियम दोघांनी सारखाच पाळला तरच तो उपयोगाचा.

आपण काय करायचं

रायपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं. म्हणून शहरातल्या तात्यापाऱ्यात आणि चौबे कॉलनीत आजही मराठी घरं आहेत. हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी या तिन्ही भाषा तिथे एकाच लिपीत लिहिल्या जातात. म्हणून वेलांटीचा हा दोष कोण्या एका भाषेचा नाही. तो दुरुस्त झाला तर सगळ्यांचंच काम होईल.

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे बहुतेक जण देवनागरी वाचत नाहीत. त्यांच्या पडद्यावर ‘सलितरा’ उमटलं तर त्यात काही चुकलं आहे हे त्यांना कळणार कसं? ते सांगण्याचं काम आपलं आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. एका मजकूर फाइलीत पंचवीस शब्द लिहा: ऱ्हस्व वेलांटीचे, रफाराचे, जोडाक्षरांचे आणि ‘वाऱ्यावर’सारखे मराठीतला वेगळा र असलेले. ती फाइल आपल्या टर्मिनलमध्ये उघडा. काय दिसलं आणि काय दिसायला हवं होतं याची दोन चित्रं शेजारी ठेवा. टर्मिनलची आवृत्ती, फॉन्ट आणि आपली रिसोर्स फाइल त्यांना जोडा आणि त्या प्रकल्पाकडे रीतसर तक्रार नोंदवा. अशी नेमकी नोंद हाती आली तर दुरुस्ती करणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि आयटीआयनी हा विद्यार्थ्यांचा एक प्रकल्प म्हणून जरूर घ्यावा.