अम्मींच्या हातातली वीण वहीत उतरवू या

पणदरेसारख्या गावात डिसेंबरच्या थंडीत सकाळी शाळेला येणारी मुले पाहिली, की घरी विणलेला स्वेटर क्वचितच दिसतो. तयार स्वेटर बाजारात मिळतो, मग दोन सुया घेऊन महिनाभर कोण बसणार? यात कुणाची चूक नाही. पण आमच्याच घरात असे काही झाले, की हा विषय लिहावासा वाटला.

अम्मी एक जाळीची वीण घालायच्या. घरातल्या प्रत्येक बाळाचा पहिला स्वेटर त्याच विणीचा. पुढे डोळे अधू झाले, हात थरथरू लागले. आम्ही वही घेऊन बसलो आणि विचारले, "अम्मी, पहिली ओळ कशी?" त्या बराच वेळ बोटे हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हात को मालूम है, मुंह को नहीं." शेवटी पेटीतला जुना स्वेटर काढून भिंगाखाली टाके मोजले. निम्मी वीण सापडली, निम्मी अजून सापडलेली नाही.

ही कला मुळात हातातून हातात आलेली आहे. सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने मानले जाणारे नमुने इजिप्तमधले आहेत. साधारण 11 ते 14 व्या शतकातले, निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे, आणि काहींवर कूफी लिपीची अक्षरेसुद्धा. स्पेनमधल्या बुर्गोस इथे 1275 मध्ये वारलेल्या फर्नांडो या राजपुत्राच्या कबरीत विणलेली रेशमी उशी मिळाली. तिच्या काठावर कूफी लिपीत 'बरकत' हा शब्द विणला आहे. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची असावी असे मानतात, पण त्यांचे नाव कुठेच नाही. इंग्रजीत छापलेली विणकामाची पहिली ज्ञात कृती तर थेट 1655 मधली आहे. म्हणजे कित्येक शतके हे ज्ञान कागदाशिवाय चालले. आज शिकणारे हात कमी झालेत, म्हणून कागद लागतो.

वहीत काय लिहायचे?

आधी भाषा ठरवा. आपल्या घरांत आजी 'फंदे' म्हणते आणि शाळेत शिकलेली नात 'टाके'. सीधा म्हणजे सुलट, उल्टा म्हणजे उलट, सलाई म्हणजे सुई, आणि ऊन म्हणजे लोकर. मराठीतले कडक ऊन नव्हे! दोन्ही शब्द पहिल्या पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवा.

मग लोकर. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारे बरेच गुंडे ॲक्रिलिकचे असतात. खरी लोकर गरम पाण्यात आटते, ॲक्रिलिक गरम इस्त्रीने चपटे होते. म्हणून गुंड्यावरची चिठ्ठी वहीतच चिकटवा. आपल्या भागातल्या दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडीला ती उत्तम, पण बाळाच्या अंगाला टोचते.

सुईचा नंबरही लिहा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन.

सगळ्यात महत्त्वाचा नमुना

बहुतेक जणी फक्त 'इतके टाके घाला' एवढेच लिहितात. ते पुरेसे नाही. आधी छोटा तुकडा विणा आणि 10 सेंटिमीटर रुंदीत किती टाके बसले ते मोजा. समजा 22 बसले. मागचा भाग 35 सेंटिमीटर हवा असेल, तर साध्या त्रैराशिकाने 77 टाके येतात. काठाला दोन सुलट, दोन उलट घालायचे आणि दोन्ही टोकांना सुलट हवे, तर 4 च्या पाढ्यातल्या संख्येत 2 मिळवायचे. म्हणून 78.

आता तेच 78 टाके घट्ट हाताच्या मुलीने घातले, आणि तिचे 10 सेंटिमीटरमध्ये 24 बसत असले, तर तिचा भाग साडेबत्तीसच भरतो. पुढचा-मागचा मिळून स्वेटर 5 सेंटिमीटर तंग. मुलगी म्हणणार, "मला जमत नाही," आणि सुया ठेवून देणार. खरे तर तिचे काहीच चुकले नव्हते. नमुन्याचा आकडा लिहायचा राहिला होता.

प्रत्येक विणीची एकेक ओळ क्रमाने लिहा आणि शेजारी विणलेला तुकडा टाचा. कुणाकडून शिकलो ते नावही लिहा, नानी असो, खाला असो की शेजारच्या काकू. सांगता येत नसेल, तर विणताना त्यांच्या हातांचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या आणि नंतर थांबवत थांबवत ओळी उतरवा. आम्ही हे अम्मींचे हात चालत होते तेव्हा केले नाही. तुमच्या घरात अजून कुणी विणत असेल, तर येत्या रविवारीच वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.