सकाळी ठणठणीत, सायंकाळी दुर्बल

सकाळी सारे ठीक असते. दुपारनंतर पापणी जड होते, टीव्हीसमोर बसले की एकाचे दोन दिसू लागतात आणि रात्री भाकरी चावता चावता जबडा थांबतो. घरचे म्हणतात, दगदग झाली असेल. चष्म्याचा नंबरही तपासून होतो. डॉक्टरांनी सकाळीच तपासले, तर त्यांनाही फारसे काही आढळत नाही. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’चे निदान अनेकदा असेच लांबते.

थकवा आणि स्नायूंची दुर्बलता यांत आपण बोलताना फरक करीत नाही, वैद्यकशास्त्र करते. थकलेला माणूस नाखुशीने का होईना, हात वर उचलतो. दुर्बल स्नायू मात्र इच्छा असूनही साथ देत नाही. मायस्थेनियात ही दुर्बलता वापराने वाढते व विश्रांतीने ओसरते. हीच त्याची मुख्य खूण.

मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन स्रवते. स्नायूवरील ग्राहकांना ते चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच बहुधा या ग्राहकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ग्राहक घटल्याने सुरुवातीचे संदेश पोहोचतात, नंतरचे अपुरे पडतात.

लंडनमधील डॉ. मेरी वॉकर यांना ही दुर्बलता क्युरारे विषाच्या परिणामासारखी वाटली. क्युरारेवरील उतारा असलेले फायसोस्टिग्मीन त्यांनी १९३४ मध्ये रुग्णाला टोचले आणि काही तासांपुरती का होईना, शक्ती परतली. आजची पायरिडोस्टिग्मीनची गोळी याच तत्त्वावर चालते. जोडीला प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आणि काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया असते. अमिताभ बच्चन यांना १९८४ च्या सुमारास हा विकार जडल्याने त्याचे नाव भारतात सर्वतोमुखी झाले. ते पुढेही पडद्यावर राहिले.

लटकलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फाची पिशवी ठेवल्यास ती बरेचदा वर उचलली जाते. डॉक्टरांना या साध्या चाचणीतून दिशा मिळते. पुढे रक्तातील प्रतिपिंडांची आणि मज्जातंतूंची तपासणी लागते.

गिळताना ठसका लागणे, आवाज गेंगाणा होणे, आडवे होताच धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. श्वसनाचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. जेंटामायसीन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकेही दुर्बलता वाढवू शकतात. त्यामुळे दात काढायला गेलेल्या रुग्णानेही आपले निदान आधी सांगावे.