‘आवाज येत नाही’ म्हणणाऱ्याचे आधी ऐका
धम्मप्रवचनांचे व्हिडिओ टाकणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी काही अनुभव, काही सूचना



गेल्या वर्षावासात केडगावात आम्ही काही कार्यकर्त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन आणि त्यावरील प्रवचने यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. एमआयडीसीतल्या पाळीमुळे ज्यांना विहारात येता येत नाही, जे पोटासाठी पुण्या-मुंबईला गेले आहेत, ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत, त्यांच्यापर्यंत धम्म पोहोचावा एवढाच हेतू होता.

दुसऱ्याच आठवड्यात निरोप येऊ लागले. “दादा, चित्र दिसतंय, पण आवाज येत नाही.” आम्ही हेडफोन लावून व्हिडिओ तपासला. आवाज खणखणीत होता. मग आमची उत्तरे ठरून गेली : फोनचा आवाज वाढवा, फोन बंद करून चालू करा, तुमचा फोन जुना झाला असेल. निरोप येतच राहिले आणि आम्ही तीच उत्तरे देत राहिलो.

तिसऱ्या रविवारी एक मावशी आपला फोन घेऊन थेट विहारात आल्या. “बाळा, तूच लावून दाखव,” म्हणाल्या. लावला, तर खरेच आवाज नव्हता. त्याच फोनवर दुसरे कोणतेही व्हिडिओ व्यवस्थित वाजत होते. चूक आमची होती आणि तीन आठवडे आम्ही लोकांना त्यांच्याच फोनचा दोष सांगत होतो.

नेमके काय झाले होते?

हे समजून घेणे गरजेचे आहे, कारण अनेक ठिकाणी हीच चूक होत असते. आम्ही साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट कॅमेऱ्यात आवाज घेत होतो. मोठ्या मिक्सरच्या मुख्य आउटपुटमधून एकच आवाज दोन तारांनी बाहेर पडतो. एका तारेत तो सरळ असतो, दुसरीत उलटा. लांबच्या वायरमध्ये शिरणारी खरखर काढून टाकता यावी म्हणून ही सोय असते. कॅमेऱ्याची लहान पिन मात्र स्टिरिओ असते. ती एका तारेला डावा आवाज समजते आणि दुसरीला उजवा.

हेडफोनमध्ये डाव्या कानाला सरळ आणि उजव्या कानाला उलटा आवाज मिळतो. कान दोन्ही ऐकतात, त्यामुळे फारसे काही बिघडल्याचे जाणवत नाही. पण एकच स्पीकर असलेल्या साध्या फोनमध्ये डावा आणि उजवा आवाज एकत्र मिसळला जातो. अधिक पाच आणि उणे पाच यांची बेरीज शून्य, तसे दोन्ही आवाज एकमेकांना खोडून काढतात. म्हणून कोणाला काहीच ऐकू येत नव्हते, तर कोणाला खोल विहिरीतून आल्यासारखे येत होते.

उपाय सोपा निघाला. संपादन करताना एका बाजूचा आवाज दोन्ही बाजूंना द्यायचा, म्हणजेच मोनो करायचा. आणि व्हिडिओ टाकण्याआधी तो हेडफोनवर नव्हे, तर सर्वात साध्या फोनच्या स्पीकरवर ऐकायचा. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल त्याच लिंकवर बदलता येत नाही. त्यामुळे सगळी प्रवचने पुन्हा टाकावी लागली आणि जुन्या व्हिडिओंच्या माहितीत नव्या लिंक द्याव्या लागल्या.

‘आवाज वाढवा’ म्हणणे इतके सोपे नाही

या प्रसंगात वाईट वाटले ते एका गोष्टीचे. ज्यांच्याकडे महाग फोन आणि हेडफोन आहेत त्यांना सगळे नीट ऐकू येत होते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनाच काही पोहोचत नव्हते, आणि व्हिडिओ तर आम्ही त्यांच्यासाठीच करत होतो. ऊसतोडीला गेलेला माणूस रात्री कोपीत फोन कानाशी धरून ऐकतो. त्याला ‘आवाज वाढवा’ सांगताना आपण कुठे राहतो हेही विसरू नये. मे २०१५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजल्यावरून झालेल्या वादात एका दलित तरुणाचा खून झाला होता. आपला आवाज मोठ्याने लावणे हे अजूनही प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत सहज नाही.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदात, म्हणजे वैदिक भाषेच्या वळणावर बसवण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि लोकांना आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची मोकळीक दिली. आज भाषेच्या जोडीला फोन आणि नेटवर्कही आले आहे. ज्याच्याकडे जे साधन आहे त्यावर धम्म पोहोचला पाहिजे.

आपल्या चळवळीला साधनांसाठीची ही धडपड नवी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केला, कारण आपले म्हणणे मांडायला दुसऱ्याचे पत्र मिळणार नव्हते. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्यांनी ते केले नसते तर पुढच्या पिढ्यांनी तो जनसागर कशावर पाहिला असता? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. म्हणूनच निष्काळजीपणाला सबब उरलेली नाही.

नेहमीच्या तक्रारी आणि त्यांची कारणे

*“चित्र धूसर दिसते.”* व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब आधी कमी दर्जाची प्रत तयार करते, एचडी प्रत नंतर तयार होते. आपण घाईने लगेच लिंक पाठवतो आणि पहिल्या प्रेक्षकांना धूसर चित्र दिसते. व्हिडिओ आधी ‘अनलिस्टेड’ ठेवा, एचडी तयार झाल्यावर ‘पब्लिक’ करा आणि मगच लिंक पाठवा.

*“व्हिडिओ अडकतो.”* इथे बहुधा नेटवर्क कमी पडते. गुणवत्ता कशी कमी करायची हे स्क्रीनशॉट काढून मराठीत दाखवा. त्याहून चांगले म्हणजे प्रवचनाची फक्त आवाजाची फाइलही द्या. ३२ केबीपीएस मोनोमध्ये एक तासाचे प्रवचन साधारण १५ एमबीत बसते. बोलणे त्यात स्पष्ट ऐकू येते आणि डेटाही फार जात नाही.

*“लिंक उघडत नाही.”* बहुतेक वेळा व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ राहिलेला असतो. आपल्याच खात्यातून पाहिला तर तो दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. लिंक नेहमी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा.

*“व्हॉट्सअॅपवर आलेला व्हिडिओ खराब आहे.”* व्हॉट्सअॅप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करते. मूळ दर्जा हवा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

*“पूर्ण प्रवचन का टाकत नाही?”* नव्या यूट्यूब खात्यावर १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चढत नाही. फोन नंबरची पडताळणी एकदा केली की ही मर्यादा जाते.

*“लाइव्ह दिसलेच नाही.”* मोबाइलवरून लाइव्ह करायला चॅनेलचे किमान ५० सदस्य लागतात आणि लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. १४ एप्रिलच्या सकाळी हे लक्षात येऊन उपयोग नाही. शिवाय जयंतीच्या गर्दीत मोबाइलचे नेटवर्क कोलमडते. अशा वेळी चांगले रेकॉर्डिंग करून रात्री टाकलेले बरे.

*“मध्येच आवाज गेला.”* मिरवणुकीत डीजेवर वाजलेले भीमगीत एखाद्या कंपनीच्या नोंदीशी जुळले की कॉपीराइटचा दावा येतो. असा दावा आणि ‘स्ट्राइक’ या वेगळ्या गोष्टी आहेत. दाव्यामुळे चॅनेल बंद होत नाही, पण आवाज बंद होऊ शकतो किंवा जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जाऊ शकतात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्या तर मात्र चॅनेल जाऊ शकते. गाण्याचा तेवढा भाग यूट्यूब स्टुडिओतून काढता येतो. आणि दावा येवो न येवो, गीतकाराचे आणि गायकाचे नाव माहितीत लिहाच. आपल्या शाहिरांची गाणी घराघरांत गेली, पण अनेकांची नावे मागेच राहिली.

तक्रारीला उत्तर कसे द्यावे

आम्ही आता तीन प्रश्न विचारतो : कोणत्या फोनवर पाहत आहात? दुसरे व्हिडिओ नीट चालतात का? नेमके कितव्या मिनिटाला असे होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर चूक आपली असण्याची शक्यता धरून तपास सुरू करतो. एका वहीत तारीख, तक्रार आणि काय केले ते लिहून ठेवतो. तीन जणांची एकच तक्रार आली की व्हिडिओ पुन्हा तपासायचा, मग आपल्या फोनवर तो कितीही चांगला चालत असो.

ज्येष्ठांना उत्तर देताना इंग्रजी शब्दांचा मारा नको. ‘सेटिंगमध्ये जा’ म्हणण्याऐवजी चित्रावर बाण काढून पाठवा. सगळ्यात चांगले म्हणजे रविवारी विहारात वंदनेनंतर अर्धा तास ‘फोन घेऊन या’ असे सांगावे. आमची बरीच अडचण अशीच सुटली. या कामात मुलींना पुढे करा. घरातल्या महिला अडचण मुलींना मोकळेपणाने सांगतात.

आणि मदतीच्या नावाखाली कोणाचाही ओटीपी किंवा पासवर्ड मागू नका. आपल्यालाही ‘तुमचे चॅनेल बंद होणार आहे, या लिंकवर क्लिक करा’ असे ईमेल येतात. त्यातले बरेचसे फसवे असतात. अशी सूचना खरी आहे की नाही ते यूट्यूब स्टुडिओत जाऊन पाहावे.

चॅनेल एका माणसाचे नको

अनेक गावांत चॅनेल एकाच कार्यकर्त्याच्या खासगी ईमेलवर असते. त्याला नोकरी लागली, लग्न झाले किंवा मतभेद झाले की वर्षांचे काम अडकून पडते. यूट्यूब स्टुडिओत इतरांना ‘मॅनेजर’ किंवा ‘एडिटर’ म्हणून जोडता येते, पासवर्ड वाटावा लागत नाही. किमान तिघांकडे तरी अधिकार असावेत आणि द्विस्तरीय पडताळणी चालू असावी.

मूळ रेकॉर्डिंग दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवा. आमच्याकडे मूळ फाइली होत्या म्हणूनच बिघडलेली प्रवचने दुरुस्त करता आली. वक्त्याची परवानगी घ्या. लहान मुलांचे आणि अत्याचारपीडित कुटुंबांचे चेहरे विचारल्याशिवाय दाखवू नका.

आता आमच्या विहारात नवा व्हिडिओ तयार झाला की तो सर्वात आधी त्याच मावशींच्या फोनवर लावला जातो. त्यांनी मान डोलावली की मगच लिंक पुढे जाते. तुमच्या गावातही असा एक फोन शोधा.

जय भीम! भवतु सब्ब मंगलं!