घरातील आई, कामावरची आई आणि पाळणा

आईने घरी राहून मुले वाढवावीत की बाहेर पडून मिळवावे, हा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. विचारणाराच्या डोळ्यांपुढे त्या वेळी बहुधा दोन निरनिराळ्या स्त्रिया असतात: एक कचेरीत जाणारी, दुसरी चुलीपाशी बसलेली. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या वारासिवनी परिसरात या दोघी बहुधा एकच असतात.

हा भाग भाताचा आणि हातमागाचा. मागावर बसणारा विणकर सर्वांना दिसतो. परंतु सुताची लड उकलणे, खळ देणे, चरख्यावर कांड्या भरणे ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. कांडी वेळेवर मिळाली नाही तर धोटा थांबतो. तरीही कापडाचे दाम विणकराच्या हाती पडते आणि कांडी भरणारी ‘घरीच असते’ असे सांगितले जाते. आषाढात पाऊस पडून बांध्या भरल्या की हीच स्त्री पऱ्हे घेऊन रोवणीला उतरते. तिला गृहिणी म्हणावे की कामकरी? जनगणनेत १९८१ पासून वर्षातून सहा महिने काम करणारास मुख्य आणि त्याहून कमी करणारास सीमान्तिक कामगार म्हटले गेले. केवळ घरकाम करणारी स्त्री कामगारांत धरली गेली नाही. कांडी भरणे घरकाम की धंदा, हे बऱ्याचदा उत्तर देणाऱ्या पुरुषावरच अवलंबून राहते!

हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे, कारण कायद्याचे साहाय्य कामाच्या जागेवरून ठरते. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील बारा आठवड्यांची पगारी रजा २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघर बंधनकारक झाले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. ज्या घरात माग आहे, त्या घराला मात्र पन्नास कर्मचारी कोठून असणार? शेजारच्या गोंदिया-भंडाऱ्याकडील विडी कामगार स्त्रियांचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही प्रसूतिलाभ देऊ केला. पाळणाघराची सक्ती मात्र कारखान्याच्या आवारापुरतीच राहिली. लाभ घरी पोहोचला, पाळणा कारखान्यातच राहिला.

घरात पाळणा हलवावयास दुसरे मोठे माणूस नसेल तर तो कोण हलवितो? पुरुषाचा वाटा अल्पच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करीत, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आजी असेल तर ठीक. नसेल तर तान्हे मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर येते आणि तिची शाळा बुडते. आईच्या दुहेरी कामाची ही किंमत मुलगी भरते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी दिली, हे मोठेच काम झाले. परंतु तेथील शाळापूर्व शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही दिवसाच्या काही तासांचे. त्याहून लहान मुलास पूरक आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. आणि रोवणी तर दिवसभर चालते.

या अडचणीचे मर्म ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी फार पूर्वी ओळखले होते. बोर्डीस १९४५ साली सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडला गेले, तेव्हा ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणण्यात आली. धाकट्याला पाळण्यात ठेवून थोरलीने शेजारच्या वर्गात बसावे, इतकी ती साधी योजना होती. पुढे २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यातही, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास एका स्त्रीस त्यांच्या सांभाळासाठी मजुरीवर नेमण्याची तरतूद करण्यात आली. मूल सांभाळणे हेही मजुरीचे काम आहे, असे कायद्याने तेथे मान्य केले.

केंद्र शासनाने २०२२ मध्ये ‘पालना’ योजनेखाली अंगणवाडी-सह-पाळणाघराची व्यवस्था आखली. ती कोठे मागावी हे ठरविण्यास मोठ्या पाहणीची आवश्यकता नाही. रोवणीच्या दिवसांत कोणत्या मुली गैरहजर राहतात आणि त्यांच्या घरी तीन वर्षांखालील मूल आहे काय, एवढे शिक्षकांनी हजेरीपटावरून काढून ग्रामसभेपुढे ठेवल्यास पाळणा कोणत्या वस्तीत हवा ते कळून येईल.