नापासांची सनद

आदिलाबादेत एखाद्या मुलाचे इंटरचे अगर पदवीचे वर्ष बुडाले, म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी त्याला "आता वकिली कर" असे जे सुचवितात, त्या सूचनेत उत्तेजनापेक्षा हताशपणाच अधिक असतो. कारण जे कशालाच लागले नाही ते वकिलीला लागते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. देशातील अग्रगण्य विधी विद्यापीठांत प्रवेश मिळविणे अत्यंत दुष्कर आहे. मात्र तो देताना पूर्वीच्या नापासीचे दप्तर कोणी उघडीत नाही.

लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि शरीरसंवर्धन यांत घालविले व परीक्षेच्या हिशेबी ते वाया गेले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे 1877 मध्ये पहिल्या वर्गात बी. ए. होऊनही त्यांनी एम. ए. अर्धवट सोडून कायद्याचा अभ्यास धरला आणि 1879 मध्ये एल्एल. बी. ची पदवी संपादन केली. परंतु टिळकांना काही कोणी महाविद्यालयातून हाकलले नव्हते. तो प्रसंग निजामाच्या अमलातील विद्यार्थ्यांवर आला.

1938 च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, आणि ती मनाई ज्यांनी मानली नाही अशा शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी करण्यात आली. उस्मानियाचे शिक्षण उर्दूतून होत असे. तेव्हा या मुलांपुढे केवळ दुसरे महाविद्यालय शोधण्याचा नव्हे, तर दुसऱ्या भाषेत परीक्षा देण्याचाही प्रश्न उभा राहिला. ब्रिटिश मुलखातील नागपूर विद्यापीठाने, म्हणजे कुलगुरू टी. जे. केदार यांनी, त्यांना दार उघडून दिले. त्या मुलांत वरंगळकडचा, 1921 साली जन्मलेला पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता. नागपूर, नंतर पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि पुन्हा नागपूर अशी यात्रा करून त्याने कायद्याची पदवी घेतली आणि हैदराबादेस बूर्गुल रामकृष्ण राव यांच्या हाताखाली वकिलीस आरंभ केला. हेच गृहस्थ पुढे भारताचे पंतप्रधान झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी तेलुगूत नेली, हे मराठी माणसाने विशेष लक्षात ठेवावे असे मला वाटते. हाकलून दिलेल्या विद्यार्थ्याने परमुलखातून काय आणले, त्याचा हाही एक जमाखर्च आहे.

आता आजची रीत पाहू. 2008 पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही सामाईक परीक्षा होते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास बारावीला सर्वसाधारण उमेदवारास 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास 40 टक्के गुण पुरतात; वयाची वरची मर्यादा नाही; आणि एकदा अर्ज दाखल झाला, की बारावीचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. म्हणजे अभियांत्रिकीत दोन वर्षे घालवून परतलेला तरुण बारावीच्या दाखल्यावर नव्याने आरंभ करू शकतो. दोन तासांत 120 प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा, आणि बहुतेक सारे प्रश्न दीर्घ उताऱ्यांवर बेतलेले. सबब येथे पाठांतराचा निभाव लागत नाही, वाचनाचा लागतो. गंमत अशी, की दोघांचे एकूण गुण समान पडल्यास आधी कायदाविषयक विभागाचे गुण पाहतात, आणि तेथेही बरोबरी झाली तर वयाने मोठ्या उमेदवारास अग्रक्रम मिळतो. वाया गेलेल्या वर्षाची एवढी कदर दुसऱ्या कोणत्याही दप्तरात होत असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ज्याने रखडत का होईना पदवी पुरी केली, त्याला तीन वर्षांचा मार्ग आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने 2022 पासून आपल्या स्वतंत्र परीक्षेवर असा अभ्यासक्रम चालू केला आहे. तेलंगणात 'लॉसेट' या परीक्षेद्वारे तीन व पाच वर्षांच्या दोन्ही अभ्यासक्रमांस प्रवेश मिळतो. हैदराबादजवळ शामीरपेटला 1998 साली स्थापन झालेल्या 'नालसार' या विधी विद्यापीठात तेलंगणाच्या रहिवाशांना राखीव वाटा आहे.

खरी अडचण गुणांची नाही, भाषेची आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या जैनथ, बेला या भागांतील मराठी माध्यमाच्या मुलाला क्लॅट इंग्रजीतून द्यावी लागते. 1956 मध्ये किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून मुंबई राज्याकडे गेले, पण मराठी घरे दोन्ही तीरांवर राहिली. इकडच्या मुलाला शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि परीक्षेत इंग्रजी असा तिहेरी व्यवहार करावा लागतो. त्याच्या अपयशाचा मोठा भाग बुद्धीच्या खाती नव्हे, तर या व्यवहाराच्या खाती टाकला पाहिजे, असे माझे मत आहे. उर्दूतून शिकून नागपुरात गेलेल्या त्या पिढीने हीच अडचण ओलांडली होती.

म्हणून अशा मुलाच्या पालकांना एवढीच विनंती, की शिकवणीची भरमसाट फी भरण्याआधी रोज एक इंग्रजी वृत्तपत्र घरी चालू करावे, त्यातील अग्रलेख मुलाकडून मोठ्याने वाचवून घ्यावा, आणि क्लॅटच्या अर्जाची मुदत चुकू देऊ नये.